बाथरूममधली बुरशी: घासायच्या आधी पाणी शोधा

ठाण्याच्या आमच्या पहिल्या भाड्याच्या घरात आम्ही जूनमध्ये राहायला गेलो तेव्हा बाथरूम पांढरंशुभ्र होतं, नुकताच रंग दिलेला. गणपतीपर्यंत छताच्या कोपऱ्यात कुणी राखेचा हात पुसावा तसा डाग आला. बेसिनमागच्या सिलिकॉनमध्ये मोहरीएवढे काळे ठिपके उमटले आणि दार उघडलं की ओल्या गोणपाटाचा वास यायला लागला. मी दर रविवारी अ‍ॅसिड ओतून टाइल्सचे सांधे घासायचे. आठवडाभर ते पांढरे दिसायचे, मग पुन्हा काळे. दुसऱ्या पावसाळ्यात खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मला घरी बोलावून त्यांच्या छतावरची ओल दाखवली, तेव्हा कळलं की सांध्यांतलं व्हाइट सिमेंट झिजून पोकळ झालं होतं. अ‍ॅसिड सिमेंट खातं, सांधे खडबडीत होतात, खडबडीत सांध्यांत पाणी जास्त मुरतं आणि तिथे बुरशीला आणखी चांगली जागा मिळते. वर्षभर मी बुरशीला घर बांधून देत होते.

पहिल्यांदाच घर लावलेल्या, पहिलाच पावसाळा काढणाऱ्या मंडळींसाठी हे सविस्तर लिहिते आहे. मुंबई, ठाणे, कोकणपट्टी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय. पुण्या-नाशिककडे बुरशीचा जोर पावसाळ्याबरोबर थंडीतही असतो, कारण तिथे गार पडलेल्या टाइल्सवर गरम पाण्याच्या वाफेचं पाणी होतं. उपाय मात्र बहुतेक तेच.

आधी ती बुरशीच आहे ना, ते पाहा

बाथरूममधला प्रत्येक डाग बुरशीचा नसतो, आणि चुकीच्या डागावर चुकीचं औषध घातलं की मेहनत वाया जाते.

भिंतीवर पांढरी, पिठासारखी भुकटी दिसते, बोटाला लागते, तो बहुतेक वेळा लोणा असतो. भिंतीतून बाहेर येणारं पाणी सिमेंट-विटांमधले क्षार घेऊन येतं, पाणी उडून जातं आणि क्षार मागे उरतात. त्यावर पाण्याचा थेंब टाका. भुकटी विरघळली तर लोणा. त्याला ब्लीचची गरज नाही, पण भिंतीच्या आत पाणी आहे ही खबर मात्र तो देतो, म्हणून तो दिसला तर आनंद मानू नका.

बादलीच्या तळाशी, जाळीभोवती, मगाच्या कडेला जो गुलाबी-नारिंगी बुळबुळीत थर येतो तो बहुधा जिवाणूंचा असतो. साबणाने घासून, जागा कोरडी ठेवली की जातो.

काळे, हिरवट-काळे, तपकिरी, ठिपक्याठिपक्यांनी पसरत जाणारे डाग म्हणजे बुरशी. शंका असेल तर कापसाच्या बोळ्याने पातळ ब्लीचचा एक थेंब डागावर लावा. एक-दोन मिनिटांत रंग फिका पडला तर बुरशी, तसाच राहिला तर बहुतेक साधा मळ. काळी दिसली म्हणजे ती विषारीच, असं काही नाही, रंगावरून तेवढं ठरत नाही. पण घरात दम्याचा, अ‍ॅलर्जीचा किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेला माणूस असेल तर कोणत्याही रंगाची बुरशी त्याला त्रास देऊ शकते. माझ्या सासूबाईंना दमा आहे, त्यामुळे आमच्याकडे हे काम टाळता येत नाही.

पाणी कुठून येतंय?

या कामात सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, ते घराबाहेर ठेवता येत नाहीत. साबणाचा थर, अंगाचा मळ, रंग, धूळ, यातलं काहीही त्यांना खायला चालतं. त्यांच्यापासून काढून घेता येते अशी एकच गोष्ट आपल्या हातात आहे, ती म्हणजे ओल. ओली झालेली जागा 24 ते 48 तासांत वाळली तर सहसा बुरशी धरत नाही.

बाथरूममध्ये ओल तीन वाटांनी येते: आंघोळीच्या पाण्या-वाफेतून, नळ किंवा ड्रेनेजच्या गळतीतून, आणि बाहेरच्या भिंतीतून किंवा वरच्या मजल्यावरून. पहिल्या वाटेचा बंदोबस्त आपण घरच्या घरी करतो. उरलेल्या दोन्हींना प्लंबर, गवंडी किंवा सोसायटी लागते, आणि तिथे घासत बसणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं.

वाट ओळखायला एक सोपी युक्ती आहे. स्वयंपाकघरातल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा साधारण फूटभर चौकोन घ्या. डाग असलेल्या भिंतीचा भाग फडक्याने कोरडा करा, फॉइल लावून चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा आणि एक-दोन दिवस तशीच ठेवा. त्यावर थेट पाणी उडू देऊ नका. मग पाहा. फॉइलच्या बाहेरच्या, तुमच्याकडच्या बाजूला दव जमलं असेल तर ओल खोलीतल्या हवेची आहे. फॉइल काढल्यावर आतली, भिंतीकडची बाजू ओली निघाली तर पाणी भिंतीतून येतंय. आमच्या छताखालच्या भिंतीवर फॉइल काढली तेव्हा आत थेंबांची अख्खी ओळ होती, आणि बाहेरची बाजू कोरडी ठणठणीत. तीन वर्षांचा ‘तुम्ही खिडकी उघडी ठेवत नाही’ हा वाद त्या एका फॉइलने मिटला.

ओल वाढते कधी, याचीही आठवडाभर नोंद ठेवा. पाऊस झाला की डाग मोठा होतो? मग बाहेरची भिंत, विशेषतः पश्चिमेची किंवा नैऋत्येची, कारण पावसाळी वारा तिकडूनच झोडपतो. आंघोळीनंतर काही तासांनी भिंतीचा खालचा भाग ओला दिसतो? मग फरशीचे सांधे किंवा जाळीभोवतीची जागा तपासा. कडक मे महिन्यातही ओल तेवढीच? मग पाइप गळत असण्याची शक्यता मोठी. उन्हाळ्याच्या सुट्टीत आठ दिवस गावाला जाणार असाल तर निघताना डागाचा फोटो काढा आणि आल्यावर पुन्हा काढा. बाथरूम बंद असताना डाग वाळला असेल तर तो तुमच्याच वापराच्या पाण्याचा होता. घरापुरता वेगळा पाण्याचा मीटर असेल तर सगळे नळ आणि फ्लश बंद करून अर्धा तास काटा पाहा. तो हलला तर कुठेतरी गळतंय.

जाळी आणि फरशीचा संशय असेल तर गवंडी जी चाचणी करतात ती: जाळी घट्ट बंद करून फरशीवर इंचभर पाणी साठवायचं, 24 तास ठेवायचं आणि खालच्या घरातलं छत पाहायचं. ही खालच्यांना सांगून, त्यांच्या उपस्थितीत करा. न सांगता केलेल्या चाचणीने उगाच भांडणं होतात.

हात घालण्याआधीची तयारी

साधारण तीन फूट बाय तीन फुटांपर्यंतची बुरशी घरी साफ करता येते. त्याहून मोठी असेल, प्लॅस्टर फुगलं असेल किंवा ओल विजेच्या पॉइंटपर्यंत पोचली असेल तर जाणकार माणूस बोलवा.

रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा आणि एन-95 मास्क घाला. कोविडच्या वेळचा घरात उरला असेल तर तोच वापरा. दमेकरी माणसं आणि मुलं त्या वेळी घराबाहेर किंवा निदान दुसऱ्या खोलीत, दार लावून. छताजवळ, गीझरजवळ किंवा एक्झॉस्टजवळ काम असेल तर मेन स्विच बंद करा, नुसतं बटण पुरत नाही. टॉवेल, कपडे, ब्रश, साबण सगळं बाहेर काढा. ब्लीचचा एक शिंतोडा उडाला तर रंगीत टॉवेल कायमचा गेला.

आता एक गोष्ट अगदी निक्षून सांगते. ब्लीच आणि अ‍ॅसिड कधीही एकत्र येऊ देऊ नका. टॉयलेट साफ करायच्या बहुतेक द्रवांत अ‍ॅसिड असतं. व्हिनेगर आणि लिंबूसत्व हीसुद्धा अ‍ॅसिडंच. ब्लीचमध्ये ती मिसळली की क्लोरीन वायू सुटतो, आणि चार बाय सहाच्या बंद बाथरूममध्ये तो फुप्फुसांना गंभीर इजा करतो. अमोनिया असलेल्या काच पुसायच्या द्रवाबरोबरही ब्लीच घातक आहे. ‘दोन्ही घातलं तर दुप्पट साफ होईल’ हा विचार अनेक घरांत होतो, आणि तो जिवाशी खेळ आहे. एका दिवशी एकच औषध वापरा, ते भरपूर पाण्याने धुवा, दुसरं दुसऱ्या दिवशी. चुकून डोळे-घसा जळायला लागला तर काम तिथेच टाकून मोकळ्या हवेत या.

टाइल्स आणि सांधे

कोरडी बुरशी खरवडू नका, बीजाणू हवेत उडतात. आधी पाण्याचा फवारा मारून ती ओली करा. मग साधं भांड्यांचं किंवा कपड्यांचं लिक्विड गरम पाण्यात घालून नायलॉनच्या ब्रशने घासा. ही पायरी लोक गाळतात आणि थेट ब्लीच ओततात. साबणाच्या थरावर ब्लीचची बरीच ताकद तिथेच खर्च होते, बुरशीपर्यंत ते नीट पोचतच नाही. धुऊन घ्या.

मग लिक्विड ब्लीच. बाटलीवर सोडियम हायपोक्लोराइट 4 ते 6 टक्के असं लिहिलेलं असेल तर एक लिटर थंड पाण्यात 60 मिलिलिटर पुरतं. सांध्यांवर जुन्या टूथब्रशने लावा, दहा मिनिटं थांबा, ब्रश फिरवा, भरपूर पाण्याने धुवा आणि वायपरने कोरडं करा. फवारा करून मारू नका, तुषार नाकातोंडात जातात. पातळ केलेलं ब्लीच दुसऱ्या दिवसासाठी ठेवण्यात अर्थ नाही, त्याची ताकद उतरते. स्टीलच्या नळांवर ते राहू देऊ नका.

ब्लीचचा वास सोसत नसेल तर औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड वापरा. ते बहुधा 6 टक्क्यांचं मिळतं, तेवढंच पाणी मिसळून निम्मं करायचं आणि दहा-पंधरा मिनिटं राहू द्यायचं. आमच्याकडे सासूबाईंमुळे आता हेच असतं.

बोअरच्या पाण्याने टाइल्सवर चुन्यासारखा थर बसला असेल तर त्या थराच्या खाचांत बुरशी लपते. तो लिंबूसत्वाच्या पाण्याने निघतो, पण ब्लीचच्या दिवशी नाही, आणि फक्त चकचकीत टाइल्सवर. जुन्या घरांत बाथरूमचा ओटा, उंबरा किंवा फरशी कडप्पा, शहाबाद, कोटा नाहीतर संगमरवराची असते. हे सगळे चुन्याच्या जातीचे दगड. त्यांच्यावर लिंबू, व्हिनेगर, अ‍ॅसिड काहीही पडलं की पॉलिश जाऊन पांढुरके चट्टे पडतात, आणि ते पुन्हा घासून पॉलिश केल्याशिवाय जात नाहीत. दगडाला सौम्य साबण आणि पेरॉक्साइड एवढंच, तेही आधी कोपऱ्यात लावून पाहून.

सिलिकॉनची रेघ

बेसिन आणि भिंत यांच्यामध्ये, कमोडच्या तळाशी जी रबरासारखी पट्टी असते, तिच्यावरचे काळे ठिपके कितीही घासले तरी जात नाहीत. नखाने खरवडून पाहा. डाग वर नसतो, पट्टीच्या आत किंवा मागे असतो.

एक प्रयत्न करून पाहण्यासारखा आहे. कापसाच्या लांब वाती वळा, देवापुढच्या फुलवाती नाही, समईच्या असतात तशा, पण करंगळीएवढ्या जाड. पातळ ब्लीचमध्ये बुडवून थोड्या पिळा आणि सिलिकॉनच्या रेघेवर नीट चिकटवून बसवा. वरून प्लॅस्टिकची पट्टी दाबा म्हणजे त्या वाळणार नाहीत. तीन-चार तास राहू द्या, दार लावून, खिडकी उघडी ठेवून. मग वाती काढून धुवा. नवे डाग बहुतेक जातात. जुने फिके होतात.

तरीही काळंच राहिलं तर पट्टी बदला. अवघड काम नाही. कटरच्या पात्याने दोन्ही कडांना चीर द्या आणि पट्टी ओढून काढा. ती निघाली की मागे ओलसर काळा चिखल दिसेल, तोच मूळ मुद्दा. तो पुसून, जागा ब्लीचने किंवा पेरॉक्साइडने साफ करून, धुऊन, पूर्ण दिवसभर वाळू द्या. ओल्या जागेवर सिलिकॉन धरत नाही. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा, बुरशीरोधक सॅनिटरी सिलिकॉन घ्या (साधं घेऊ नका), ओल्या बोटाने एका दमात सरळ फिरवा आणि ते ओलं असतानाच टेप काढा. 24 तास तिथे पाणी लागू देऊ नका. घरात एकच बाथरूम असेल तर जुनी पट्टी शुक्रवारी रात्री सगळ्यांच्या आंघोळी झाल्यावर काढा, नवं सिलिकॉन शनिवारी रात्री लावा आणि शनिवार-रविवार शेजाऱ्यांकडे आंघोळीला जा. आम्ही तसंच केलं.

छत आणि रंगाची भिंत

इथे ब्लीचवर फार विसंबू नका. प्लॅस्टर सच्छिद्र असतं. ब्लीच वर राहतं, त्यातलं पाणी आत मुरतं, आणि आतल्या मुळांना उलट ओल मिळते. पोपडे सुटले असतील तर आधी ओलं करून खरवडा, पेरॉक्साइड लावा, आणि मग वाळू द्या. नीट वाळू द्या. पंखा लावून आठवडा लागला तरी लागू द्या. त्यानंतर लांबी (पुट्टी), बुरशीरोधक प्रायमर, आणि धुता येईल असा रंग.

जुलैत ओल्या भिंतीवर रंग लावून घेऊ नका. आमच्या घरमालकांनी हौसेने तो लावून दिला होता, तो दिवाळीच्या आत फुगून पोपड्यांनी खाली आला. रंगारी चांगला होता, ऋतू चुकीचा होता.

रोजची पाच मिनिटं

साफ झालेली जागा पंधरा दिवसांत पुन्हा काळी होते ती इथे चुकल्यामुळे. पावसाळ्यात मुंबई-ठाण्याकडे बहुतेक दिवस हवेत 80 टक्क्यांच्या वर आर्द्रता असते. म्हणजे खिडकी उघडी ठेवली तरी बाहेरची हवाच ओली, ती भिंत सुकवणार कशी? म्हणून पाणी हवेत उडायची वाट न पाहता ते हाताने बाहेर काढायचं. शेवटची आंघोळ ज्याची, त्याने वायपर वरून खाली भिंतींवर फिरवायचा, खांद्याच्या उंचीपासून, मग फरशी जाळीकडे ओढायची. भिंतींसाठी छोटा वेगळा वायपर ठेवा, काच पुसतात तसा. कोपऱ्यांवर आणि सिलिकॉनवर एक जुनं सुती फडकं. हे घरातल्या प्रत्येकाचं काम आहे. बाथरूम वापरतात पाच जण आणि डाग दिसला की बोलणी खाते घरातली बाई, हे मला अजिबात पटत नाही.

मग एक्झॉस्ट. आंघोळीनंतर निदान अर्धा तास चालू राहू द्या. तो खरंच हवा ओढतो का ते पाहायला टिश्यू पेपरचा एक पदर पंख्याच्या जाळीजवळ धरा. चिकटला तर ठीक. गळून पडला तर पाती धुळीने भरलीत किंवा बाहेरची झडप अडकली आहे. आणि आपल्याकडे एक चूक जवळजवळ घरोघर होते: पंखा झडपांच्या काचेच्या खिडकीत बसवलेला असतो आणि त्याच्या शेजारच्या काचा उघड्या असतात. पंखा मग शेजारच्या फटीतून बाहेरचीच हवा ओढून पुन्हा बाहेर टाकतो, खोलीतली वाफ जागच्या जागी. पंखा चालू असताना त्या काचा बंद करा आणि दाराखाली बोटभर फट ठेवा, म्हणजे हवा घरातून येईल आणि वाफ घेऊन जाईल. एक्झॉस्टच नसेल तर आंघोळ झाल्यावर टेबल फॅन दाराबाहेर, कोरड्या जागी ठेवून आत तोंड करून अर्धा तास लावा.

ओले कपडे बाथरूममध्ये वाळत घालू नका. मशीनभर कपड्यांतून दीड-दोन लिटर पाणी हवेत जातं. बादल्या उपड्या ठेवा. प्लॅस्टिकच्या स्टुलाची खालची बाजू, आरशाच्या मागची जागा, कमोडच्या टाकीचा तळ महिन्यातून एकदा हात लावून पाहा. मला नेहमी पहिले ठिपके स्टुलाखाली सापडतात.

मे महिन्याची कामं

मोडके सांधे पावसाळ्याआधी भरून घ्या. गवंड्याला जुना सांधा खरवडून काढायला सांगा. वरून लिंपलेलं व्हाइट सिमेंट वर्षभरात निघतं. ओल्या भागात एपॉक्सी ग्राउट (सांधे भरायचा रेझिनचा मसाला) महाग पडतं, पण ते पाणी पीत नाही, आणि माझ्या मते शॉवरखालच्या भिंतीला आणि फरशीला तेवढा खर्च करावा.

बाहेरच्या भिंतीतून किंवा गच्चीवरून गळत असेल तर महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे ती दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने व्हायची असते. संडास-बाथरूम-सिंकच्या आतल्या गळतीचा खर्च संबंधित सदनिकाधारकांचा. सोसायटीकडे लेखी अर्ज करा, फॉइलचे आणि डागांचे तारखेसह फोटो जोडा, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. अर्ज फेब्रुवारी-मार्चमध्येच द्या, कारण दरपत्रकं, कमिटीची बैठक आणि परांची बांधणं यातच मे उजाडतो आणि ओल्या भिंतीवर वॉटरप्रूफिंग होत नाही.

भाड्याच्या घरात असाल तर राहायला गेल्या दिवशीच बाथरूमच्या छताचे, सांध्यांचे, बेसिनखालचे फोटो काढून मालकांना पाठवून ठेवा. ताजा रंग दिसला तर तो कशावर लावलाय, हे आधी विचारा.